मार खाऊनही मूल तेच का करतं?

"दहा वेळा समजावलं, ओरडले, शेवटी धपाटेही घातले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!" लहान मुलांच्या आया हे फार कळवळून सांगतात. याचाच जुळा भाऊ असलेला दुसरा प्रश्न बाबांकडून येतो: "नव्वद टक्के मिळवलेस तर सायकल घेईन म्हणालो. सायकल आली आणि अभ्यास थांबला. असं का झालं?"

दोन्ही प्रश्नांमागे एक समजूत आहे. आपण देतो ते बक्षीस आणि आपण करतो ती शिक्षा, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रातल्या सव्वाशे वर्षांच्या प्रयोगांनी हीच समजूत खोडून काढली आहे. त्या प्रयोगांची सुरुवात मांजरांपासून झाली.

१. पेटीतलं मांजर

एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा युरोप-अमेरिकेत हुशार जनावरांच्या गोष्टी चवीने सांगितल्या जात. कुणाचं मांजर दाराची कडी काढायला शिकलं, कुणाचा हरवलेला कुत्रा कोसभर चालून घरी परतला. जनावरं विचार करून वाट काढतात, असा निष्कर्ष त्यातून सहज निघे. एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याला तो पटेना. जे कुत्रे हरवले आणि कधीच परतले नाहीत त्यांची गोष्ट कोण लिहून ठेवतं, असा त्यांचा सवाल होता.

त्यांनी आधी कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग केले. घरमालकिणीने पिल्लं ठेवायला हरकत घेतली, तेव्हा विख्यात मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी आपल्या घराचं तळघर त्यांना दिलं. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मांजरांसाठी लाकडी पट्ट्यांच्या पेट्या बनवल्या. भुकेलं मांजर आत, माशाचा तुकडा बाहेर. आतली दोरी ओढली किंवा पट्टी दाबली की दार उघडे.

पहिल्या खेपेला मांजर पट्ट्या ओरबाडे, चावे, फटीतून पंजा बाहेर काढे. या धडपडीत कधीतरी पंजा दोरीला लागे आणि दार उघडे. मासा खाऊन झाला की पुन्हा पेटीत. थॉर्नडाइक दर खेपेला लागलेला वेळ लिहून ठेवत. मांजराला युक्ती उमगली असती, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून ते सरळ दोरीकडेच गेलं असतं. तसं झालं नाही. वेळ हळूहळू, मागेपुढे होत कमी झाला. निरुपयोगी हालचाली एकेक करून गळाल्या आणि उपयोगी पडलेली तेवढी उरली. शेवटी तर पेटीत ठेवल्यावर काही सेकंदांत मांजर बाहेर येऊ लागलं.

1898 साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती तशाच परिस्थितीत पुन्हा होण्याची शक्यता वाढते, आणि जिच्यानंतर त्रास होतो तिची शक्यता कमी होते. पुढे याला 'परिणामाचा नियम' म्हणू लागले. नियमाचा पहिला भाग आजवर टिकला. दुसऱ्या भागाबद्दल खुद्द थॉर्नडाइक यांचं मत बदललं. त्याकडे आपण शिक्षेच्या विभागात येऊ.

२. द्यायचं किंवा काढून घ्यायचं

1930च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या पेटीत उंदीर बाहेर पडत नसे. आतली दांडी दाबली की अन्नाची छोटी गोळी वाटीत पडे आणि दांडी पुन्हा दाबायला मोकळी असे. किती वेळात किती वेळा दाबली याची नोंद यंत्र आपोआप करी.

इथे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांची आठवण होईल. अन्न येण्याआधीच्या खुणेनेच त्या कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागलं होतं. पण त्या शिकण्यात कुत्र्याने काही करो वा न करो, अन्न येतच होतं. स्किनर यांच्या उंदराला मात्र आधी काही करावं लागे. आपल्या कृतीने जगात काय घडतं, त्यावरून ती कृती वाढते की घटते, हा या प्रकरणाचा विषय आहे. पाठ्यपुस्तकात त्याला 'साधक अभिसंधान' म्हणतात.

कृतीचा परिणाम दोन तऱ्हांचा असतो. काहीतरी मिळतं किंवा काहीतरी दूर होतं. नातीने पाढा म्हटल्यावर आजीने कौतुक केलं आणि नात रोज पाढा म्हणू लागली, तर तिथे काही मिळाल्यामुळे कृती वाढली. गाडीत पट्टा लावेपर्यंत कटकट करणारा आवाज पट्टा लावताच थांबतो आणि आपण बसल्याबसल्या पट्टा लावायला शिकतो. इथे त्रास दूर झाल्यामुळे कृती वाढली. याला आपण 'सुटकेचं बक्षीस' म्हणू. ते नीट लक्षात ठेवावं, कारण घरातली निम्मी भांडणं त्यावर चालतात. कृती वाढवणाऱ्या या दोन्ही परिणामांना मानसशास्त्रात 'प्रबलन' म्हणतात.

शिक्षाही तशीच दोन तऱ्हांची. तव्याचा चटका बसला आणि मूल तव्याला हात लावेनासं झालं, ही एक. भावाला मारलं म्हणून संध्याकाळचं खेळणं बंद झालं आणि मारणं कमी झालं, ही दुसरी.

या सगळ्या उदाहरणांत मी कृती वाढली की कमी झाली हे मुद्दाम सांगितलं आहे. ते वगळलं तर बक्षीस आणि शिक्षा हे शब्द हवेत राहतात.

३. बक्षीस कोणतं, हे ठरवतं कोण?

1968 साली अमेरिकेत चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पहिलीच्या वर्गातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं जागा सोडून उठत, बाई "खाली बसा" म्हणत. मुलं बसतही. कुणालाही वाटावं की ओरडण्याचा उपयोग होतो. संशोधकांनी बाईंना काही दिवस "खाली बसा" अधिक वेळा म्हणायला सांगितलं. उठणाऱ्या मुलांची संख्या वाढली! मग उठणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून बसून काम करणाऱ्यांचं कौतुक करायला सांगितलं, तेव्हा उठणं कमी झालं.

बाईंच्या दृष्टीने "खाली बसा" हा दटावणीचा शब्द होता. मुलांच्या दृष्टीने तो बाईंनी आपल्याकडे पाहण्याचा क्षण होता. भरलेल्या वर्गात शांत बसलेल्या मुलाकडे कोण पाहतं? उठलं की मात्र लगेच पाहतात. आणि बाईंची गंमत पाहा: ओरडल्यावर मूल त्या क्षणी बसे, त्यामुळे बाईंनाही वाटे की आपल्या ओरडण्याने काम झालं. दोघंही एकमेकांना शिकवत होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून मानसशास्त्रज्ञ बक्षिसाची व्याख्या देणाऱ्याच्या हेतूवरून करत नाहीत. ज्याच्यानंतर कृती वाढते ते त्या मुलापुरतं बक्षीस, मग ती दटावणी का असेना. ज्याच्यानंतर कृती कमी होते ती शिक्षा, मग ते कौतुक का असेना. बुजऱ्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं करून टाळ्या वाजवल्या, तर ते पुढच्या वेळी हात वर करणार नाही.

४. दुकानातलं रडणं

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. आई आणि चार वर्षांचा मुलगा किराणा दुकानात आहेत. मुलगा चॉकलेट मागतो, आई नाही म्हणते. तो रडू लागतो, मग जमिनीवर लोळण घेतो. दुकानदार बघतो, रांगेतले लोक बघतात. आई पाच रुपयांचं चॉकलेट हातात ठेवते. रडणं थांबतं.

मुलगा काय शिकला? मागून मिळालं नाही, लोळण घेतल्यावर मिळालं. पुढच्या वेळी लोळण लवकर येणार. आई काय शिकली? चॉकलेट दिल्यावर तो आवाज आणि त्या नजरा थांबल्या. हे सुटकेचं बक्षीस. पुढच्या वेळी आईचा हातही लवकर पुढे जाणार. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी आक्रमक मुलांच्या घरी जाऊन वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. तिथे त्यांना हीच साखळी पुन्हा पुन्हा दिसली. एकजण आवाज चढवतो, दुसरा माघार घेतो, आणि दोघांचीही कृती पक्की होत जाते.

त्या आईला दोष देणं मला फार अन्यायाचं वाटतं. तिच्यावरही तोच नियम चालतो, आणि रांगेतल्या नजरांचा त्रास खरा असतो.

आता समजा, आईने ठरवलं की यापुढे लोळण घेतल्यावर काहीच द्यायचं नाही. पुढच्या खेपेला मुलगा आधीपेक्षा जोरात, जास्त वेळ रडेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण पुन्हा पुन्हा, जोर लावून दाबतो, तसंच. बक्षीस बंद झाल्यावर कृती संपण्याआधी थोडा काळ उसळी मारते. ही उसळी म्हणजे उपाय फसल्याची खूण, असं समजून बरेच आईबाप नेमके तिथेच हार मानतात. आणि मग मूल शिकतं की साधं रडून भागत नाही, अजून जोर लावावा लागतो. दहा वेळा ठाम राहून अकराव्या वेळी दिलं, तर काय होतं? त्यासाठी स्किनर यांच्या एका शनिवारकडे वळू.

५. कधीतरीच मिळणारी गोळी

अन्नाच्या गोळ्या तेव्हा प्रयोगशाळेत हाताने बनवाव्या लागत, आणि ते काम वेळखाऊ होतं. एका शनिवारी दुपारी स्किनर यांच्या लक्षात आलं की उरलेल्या गोळ्या सोमवार सकाळपर्यंतच पुरतील. सुट्टीची दुपार गोळ्या वळण्यात घालवण्यापेक्षा त्यांनी स्वतःला विचारलं, दांडी दाबली की दर वेळी गोळी द्यायलाच हवी का? मग त्यांनी मिनिटाला एकच गोळी मिळेल अशी सोय केली. उंदीर दांडी दाबतच राहिला.

त्यातून बक्षिसाच्या वेळापत्रकांचा अभ्यास उभा राहिला. चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर लिहिलेला त्यावरचा स्किनर यांचा जाडजूड ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यातलं आपल्या कामाचं असं: दर वेळी बक्षीस देत गेलात आणि मग ते थांबवलंत, तर कृती लवकर विझते. केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर बक्षीस थांबल्यावरही कृती फार काळ चालू राहते. चकतीवरच्या काही टोचण्यांनंतर, पण नेमक्या कितीनंतर हे ठाऊक नाही अशा बेताने दाणे मिळवणारी कबुतरं न थकता टोचत राहतात.

अकराव्या वेळी दिलेल्या चॉकलेटचं उत्तर यात आहे. "सहसा देत नाही, कधीतरीच देते" हा आईला संयम वाटतो. मुलासाठी मात्र ते सर्वांत चिवट सवय घडवणारं वेळापत्रक असतं.

जुगाराचं यंत्रही याच वेळापत्रकावर चालतं. मुंबईच्या मटक्याने कितीक गिरणी कामगारांचे पगार खाल्ले, त्यामागे पैशाची हाव होतीच. त्याखाली मात्र मेंदूची ही मूळ रचना होती. केंब्रिजचे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामीन वापरणाऱ्या पेशींचे संदेश टिपले. अनपेक्षित रस मिळाला की त्या पेशी उसळत. रस येणार हे खुणेवरून कळू लागलं, तेव्हा त्या खुणेलाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस आल्यावर गप्प राहिल्या. अपेक्षित रस आला नाही, तर त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली जाई. मेंदू मोजतो तो अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक. म्हणून दरमहा ठरल्या वेळी मिळणारा पगार सवयीचा होतो आणि कधीतरी लागणारा आकडा मनातून जात नाही.

६. शिक्षा काय करते, काय करत नाही

1938 सालच्या पुस्तकात स्किनर यांनी एक साधा प्रयोग नोंदवला आहे. उंदरांना दांडी दाबून अन्न मिळवायची सवय लागली होती. मग अन्न बंद केलं. एका गटाला दांडी दाबली की सुरुवातीची काही मिनिटं दांडीच उलट पंजावर फटका मारी. त्यांचं दांडी दाबणं लगेच घटलं. शिक्षा यशस्वी! पण फटका थांबल्यावर ते पुन्हा वाढलं, आणि दोन दिवसांअखेर दोन्ही गटांनी दांडी दाबल्याची एकूण संख्या सारखीच भरली. उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडलं की फेस बसतो, पण खालची आच तशीच असेल तर दूध पुन्हा वर येतं.

थॉर्नडाइक यांचं मत बदललं तेही याच दशकात. माणसांना शब्दांचे अर्थ ओळखायला लावून ते "बरोबर" किंवा "चूक" म्हणत. "बरोबर"ने ते उत्तर पुन्हा येण्याची शक्यता वाढे. "चूक"ने ती फारशी घटत नसे.

म्हणजे शिक्षा कधीच लागू पडत नाही का? पडते. 1966 साली नेथन अझरिन आणि विल्यम होल्झ यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन ती केव्हा लागू पडते ते मांडलं. शिक्षा कृतीनंतर लगेच व्हावी, प्रत्येक वेळी व्हावी, पहिल्यापासूनच पुरेशी तीव्र असावी, आणि तेच बक्षीस मिळवायचा दुसरा बिनधोक मार्ग समोर असावा. गरम तवा यातल्या पहिल्या तीन अटी पाळतो, म्हणून एका चटक्यात काम होतं.

घरात काय होतं? "बाबा आल्यावर सांगते" म्हणजे शिक्षा चार तासांनी. तोवर मूल अभ्यास करून, हात-पाय धुऊन बसलेलं असतं आणि मार त्या बसण्याला पडतो. प्रत्येक वेळी? आई थकलेली असली तर नाही, पाहुणे असले तर नाही. आणि तीव्रता? आधी डोळे वटारणं, मग ओरडणं, मग चापटी, मग पट्टी. थोडी थोडी वाढवत नेलेली शिक्षा प्राण्यांना सोसायला शिकवते, हे प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. कळवळून प्रेम करणारे आईबापच आपल्या मुलाला असं निगरगट्ट बनवतात, हे मला या विषयातलं सर्वांत दुःखद सत्य वाटतं.

पहिल्यापासून जोरात मारावं, असा निष्कर्ष यातून काढू नये. तीव्र शिक्षेबरोबर भीती येते, आणि भीती त्या कृतीपुरती राहत नाही. मारणाऱ्या सरांच्या तासाला गणिताची पुस्तकंही भीतीची होतात. शिवाय शिक्षा झालेलं मूल चूक टाळण्याइतकंच पकडलं जाणं टाळायला शिकतं. सिग्नलला मामा उभा असेल तर हेल्मेट डोक्यावर, नसेल तर आरशाला लटकवलेलं, हे आपण रोज पाहतो. आणि चौथी अट घरात सहसा विसरली जाते. "हे करू नकोस" यात काय करायचं याचा पत्ताच नसतो.

एवढं असून मारणं थांबत का नाही? कारण धपाटा घातल्यावर मूल त्या क्षणी गप्प होतं, आणि मारणाऱ्याला सुटकेचं बक्षीस मिळतं. आपल्या देशात 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. ही दयाबुद्धी तर आहेच, पण प्रयोगशाळेतल्या पुराव्यानेही ती योग्य आहे. घरात मात्र तो कायदा पोहोचत नाही.

७. न होणाऱ्या कृतीला बक्षीस कसं द्यायचं?

मूल कधीच आपणहून दप्तर जागेवर ठेवत नसेल, तर कौतुक कशाचं करायचं? इथे स्किनर यांचा सर्वांत उपयोगी शोध कामी येतो. हव्या कृतीच्या जवळ जाणाऱ्या छोट्या पायरीला बक्षीस द्या, ती पक्की झाली की पुढच्या पायरीला.

टांझानियातली अपोपो ही संस्था आफ्रिकेतल्या मोठ्या उंदरांना जमिनीतले सुरुंग हुंगायला शिकवते. पिल्लाला आधी एवढंच शिकवतात की 'टिक्' असा आवाज आला की खाऊ मिळतो. मग स्फोटकाच्या वासाजवळ नाक नेलं की टिक्. मग तिथे थोडा वेळ थांबलं तरच टिक्. मग बिनवासाच्या जागा सोडून वासाच्याच जागी थांबलं तर टिक्. शेवटी उघड्या मैदानात, मातीखाली. आवाज नेमक्या क्षणाला खूण करतो, खाऊ सेकंदभर उशिरा आला तरी चालतो. मगावा नावाच्या अशा एका उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेली स्फोटकं शोधली. 2020 साली ब्रिटनच्या एका प्राणिसेवी संस्थेने त्याला शौर्याचं सुवर्णपदक दिलं. त्याच्या शिक्षणात चुकीला शिक्षा नव्हती, फक्त टिक् होत नसे.

दप्तराचंही तसंच. सोफ्यावर फेकलेलं दप्तर आज खोलीच्या दारापर्यंत गेलं, तर तेवढ्याची दखल त्याच क्षणी घ्यावी. "आत आणलंस, बरं केलंस" पुरे. दारापर्यंतचं रोजचं झालं की पुढची दखल टेबलापाशी. "पण टेबलावर का नाही ठेवलंस?" हे शेपूट जोडलं, की दखलीची दटावणी होते.

८. बक्षिसाने बिघडतं तेव्हा

केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे स्किनर यांच्याकडे शिकलेलं जोडपं जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी प्राणी तयार करण्याचा व्यवसाय करी. त्यांनी रॅकून या प्राण्याला नाणी पेटीत टाकायला शिकवलं. एक नाणं तो टाकी. दोन दिली की टाकायच्या ऐवजी मिनिटेच्या मिनिटे एकमेकांवर घासत बसे, खाण्याची वस्तू घासावी तशी. खाऊ मिळेना, तरी घासणं वाढतच गेलं. 1961 साली त्यांनी हे लिहिलं, तेव्हा स्किनर यांच्या गोटात खळबळ उडाली. प्रत्येक जीव आपल्या जातीच्या सवयी घेऊन पेटीत येतो आणि बक्षीस त्यांच्यावर मात करू शकत नाही.

माणसाचं मूल तर आवड घेऊन येतं. 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत स्केचपेनने चित्र काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता ते नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात स्केचपेन पुन्हा समोर ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकली होती. सायकलवाल्या बाबांना मी हा प्रयोग सांगेन. न आवडणारं काम सुरू करून द्यायला कबूल केलेलं बक्षीस चालतं. आवडीच्या कामाला ते लावलं, की मुलाच्या मनात कामाचं कारणच बदलतं.

दंडानेही हेच होऊ शकतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत. उरी ग्निझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरं निवडली. त्यांतल्या सहांमध्ये दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दहा शेकेल दंड ठेवला. उशीर करणारे पालक वाढले, आणि वाढता वाढता जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाई ताटकळतात याची लाज वाटे. आता उशिराला दर होता आणि तो परवडणारा होता. काही आठवड्यांनी दंड रद्द केला, तरी उशीर कमी झाला नाही. लाजेची जागा एकदा पैशाने घेतली होती, आणि पैसा निघून गेल्यावर ती रिकामीच राहिली.